एकशे सदतीस वारकरी आणि एक अदमास

प्रश्न: मी बँकेतून रोखपाल म्हणून निवृत्त झाले. एकतीस वर्षे संध्याकाळी रोख जुळल्याशिवाय घरी गेले नाही. हातात घेतलेल्या शंभर नोटांच्या पाकिटात दोन-चार नोटा कमी असतील तर ते मला मोजण्याआधीच जाणवायचे, पण तेवढ्यावर मी कधी सही केली नाही, मोजूनच केली. यंदाच्या जानेवारीत शेजारणीच्या आग्रहावरून नांदूर मध्यमेश्वरला पाणपक्षी गणनेसाठी गेले. वारकरी पक्ष्यांचा मोठा थवा पाण्यावर होता. डाव्या टोकापासून एकेक मोजत मी १३७ पर्यंत आले, साधारण पाव थवा झाला असेल, तेवढ्यात एक भोवत्या हा शिकारी पक्षी आला आणि सगळे उधळले. गटप्रमुख म्हणाले, "मोजत बसू नका, नजरेने अदमास घ्या आणि लिहा." मी ४०० लिहिले. शेजारच्या मुलाने ६५० लिहिले होते आणि गटप्रमुखांनी ६००. तेव्हापासून मनाला खाते आहे. न मोजता लिहिलेला आकडा खोटाच नाही का? पशुपक्षी म्हणे न मोजता संख्या ओळखतात, मग माणसाला ते का जमू नये? आणि जाता जाता एक विचारते. माझा चार वर्षांचा नातू ताटलीत तीन बिस्किटे असली की न मोजता 'तीन' म्हणतो, पण सात असली की मोजूनही चुकतो. त्याच्यात काही दोष तर नाही ना?
– एक निवृत्त रोखपाल, नाशिक

सप्रेम नमस्कार.

नातवाचे आधी सांगून टाकतो, म्हणजे ती काळजी बाजूला ठेवून तुम्हाला पुढचे वाचता येईल. त्याच्यात काही उणे नाही. तीन बिस्किटे पाहताक्षणी ओळखणे आणि सात बिस्किटे मोजणे ही दोन अगदी निराळी कामे आहेत. पहिले काम त्याला जवळजवळ उपजतच येते. दुसऱ्यासाठी त्याला संख्यांची नावे क्रमाने म्हणावी लागतात, प्रत्येक बिस्किटाला एकच नाव द्यावे लागते, एकही सुटू किंवा दोनदा येऊ द्यायचे नसते, आणि शेवटी उच्चारलेले नाव हेच सगळ्यांच्या संख्येचे नाव, हेही उमजावे लागते. या वयात बोट आणि तोंड यांची चाल जुळलेली नसते. तोंड 'पाच' म्हणेपर्यंत बोट सहाव्या बिस्किटावर गेलेले असते. ते हळूहळू जुळते. सातव्या-आठव्या वर्षीही लहान संख्यांची अशीच ओढाताण दिसली, तर तेव्हा जाणकाराला दाखवावे. आत्ता त्याला बोट लावून मोजू द्या आणि बिस्किटे खाऊ द्या.

तुमच्या प्रश्नाचे मूळही या ताटलीतच आहे. १८७१ मध्ये विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने 'नेचर' या नियतकालिकात एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. हा गृहस्थ तुम्हाला आवडेल, कारण तरुणपणी त्याने ऑस्ट्रेलियात सिडनीच्या टाकसाळीत सोन्याचा कस पाहण्याची नोकरी केली होती, आणि नोटांच्या छापखान्याच्या गावी राहणाऱ्या रोखपालाला अशा माणसाची काटेकोर वृत्ती वेगळी समजावून सांगावी लागत नाही. त्याने काळ्या तबकाच्या मध्यभागी पांढऱ्या कागदाचे अस्तर लावलेली एक लहानशी गोल डबी ठेवली आणि तिच्याकडे काळ्या घेवड्याचे दाणे मूठभर फेकले. डबीत पडलेले दाणे स्थिर होताच, क्षणाचाही विलंब न लावता, तो त्यांच्या संख्येचा अदमास लिहून टाकत असे, आणि मग ते मोजून खरा आकडा त्याच्या शेजारी मांडत असे. असे त्याने एकट्याने १०२७ वेळा केले. तीन आणि चार दाण्यांच्या बाबतीत तो एकदाही चुकला नाही. पाचाला तो क्वचित चुकला, आणि पुढे संख्या जसजशी वाढत गेली तसतशा चुकाही वाढत गेल्या.

तीन-चार वस्तूंच्या या तत्क्षण ओळखीला १९४९ मध्ये 'सबिटायझिंग' असे नाव मिळाले. लॅटिनमधल्या 'अचानक' या अर्थाच्या शब्दावरून ते बनवले गेले. चारपर्यंतच्या वस्तू माणूस जवळजवळ एकसारख्याच वेगाने सांगतो. तिथून पुढे मात्र प्रत्येक वाढीव वस्तूमागे लागणारा वेळ ठळकपणे वाढू लागतो. ही मर्यादा लिहिणाऱ्यांच्याही फार पूर्वीच लक्षात आली असावी असे मला वाटते. तुमच्या घरापासून जवळच असलेल्या पांडवलेण्यांतील ब्राह्मी शिलालेखांत एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन आणि तीन म्हणजे तीन रेघा आहेत. चारासाठी मात्र चौथी रेघ न ओढता वेगळेच चिन्ह आहे. चिनी लिपीतही एक, दोन, तीन हे रेघांचे आणि चार हे निराळे चिन्ह आहे. आपल्या बोलण्यातला 'चार' हा शब्दही पाहा. चार पैसे गाठीला असावेत, चार लोकांत शोभेल असे वागावे, चार गोष्टी समजावून सांगाव्यात; यांतला चार हा आकडा राहिलेलाच नाही, तो 'थोडके पण डोळ्यांत मावणारे' एवढ्याच अर्थाने येतो. यावरून काही सिद्ध होते असे मी म्हणत नाही, पण हा शब्द ऐकला की मला जेव्हन्सची डबी आठवते.

चारच्या पलीकडे माणसापुढे दोनच मार्ग उरतात. वेळ असेल तर मोजायचे, आणि वेळ नसेल तर अदमास घ्यायचा. हा अदमास अंधारात मारलेला दगड नसतो. मेंदूत संख्येची एक अंधुक जाणीव असते आणि तिला स्वतःची शिस्त असते. एकोणिसाव्या शतकातील जर्मन शास्त्रज्ञ एर्न्स्ट वेबर याने वजनांच्या बाबतीत दाखवून दिले होते की दोन भारांतला फरक हाताला जाणवतो की नाही, हे त्यांच्या वजाबाकीवर ठरत नसून त्यांच्या प्रमाणावर ठरते. डोळ्यांना जाणवणाऱ्या संख्येलाही हाच नियम लागू पडतो. साधारण प्रौढ माणसाला सात विरुद्ध आठ, फार तर नऊ विरुद्ध दहा एवढा फरक न मोजता कळतो. म्हणजे सत्तर आणि ऐंशी ठिपक्यांतला फरक त्याला जेमतेम कळेल, पण सत्तर आणि त्र्याहत्तर यांतला मुळीच कळणार नाही. बँकेत हजार रुपयांच्या मोजणीत एक रुपया चुकला काय किंवा लाखाच्या मोजणीत चुकला काय, तफावत एका रुपयाचीच. नजरेचे तसे नाही. तिची चूक संख्येबरोबर वाढत जाते आणि प्रमाण मात्र बहुधा तेच राहते. तुम्ही नजरेच्या कामाला गल्ल्याचा नियम लावला, आणि मनाला जे खाते आहे त्यातले बरेचसे तिथूनच आलेले आहे.

मराठी माणूस हा नियम वेबरचे नाव न ऐकताही रोज पाळतो. आपण 'दोन-तीन' म्हणतो, 'दहा-बारा' म्हणतो, 'पंधरा-वीस' म्हणतो, 'चाळीस-पन्नास', 'दोनशे-अडीचशे', 'हजार-बाराशे' म्हणतो. दोन आकड्यांमधली फट पाहा: आधी एकाची, मग दोनाची, पाचाची, दहाची, पन्नासाची, दोनशेची. लग्नाला 'एक हजार-एक हजार दोन माणसे होती' असे कोणी म्हणाले तर आपण हसू, आणि 'दोन-दोनशे माणसे' हेही कोणाच्या तोंडी येत नाही. 'पन्नासेक' आणि 'शंभरेक' चालते, 'सत्तेचाळीसेक' चालत नाही. अदमास किती ढिला आहे हे ऐकणाऱ्याला कळावे, याची सोय भाषेने करून ठेवलेली आहे. ती सोय न वापरता नुसता आकडा लिहिला की ऐकणाऱ्याची फसगत होते, आणि तुम्हाला खोटेपणाची जी शंका येते आहे तिला थोडीफार जागा असलीच तर ती इथे आहे.

आता तुमच्या गटाचे तीन आकडे या नियमाला लावून पाहू. ६०० आणि ६५० यांचे प्रमाण बारास तेरा आहे. एवढा फरक एकाच माणसाच्या नजरेला एकाच सकाळी कळत नाही. तेव्हा गटप्रमुख आणि तो मुलगा यांच्यात मतभेद झालाच नाही, दोघांनी एकच गोष्ट दोन शब्दांत सांगितली. तुमच्या ४०० ची गोष्ट वेगळी. ४०० आणि ६०० यांचे प्रमाण दोनास तीन आहे, आणि सहा महिन्यांच्या बाळांना आठ आणि सोळा ठिपक्यांतला फरक जाणवतो असे प्रयोगांत दिसले आहे. दोनास तीन हा फरक नऊ-दहा महिन्यांपर्यंत जाणवू लागतो. मग तुमच्या नजरेला कमी दिसले का? नाही. तुम्ही आणि गटप्रमुख यांनी बहुधा एकच थवा एकसारखाच दाट पाहिला. त्या दाटपणाला कोणत्या आकड्याचे नाव द्यायचे यात तुमची फारकत झाली. पाहणे आणि नाव देणे ही दोन पावले आहेत, आणि दुसऱ्या पावलाला सराव लागतो. त्याकडे मी पुढे येतो, कारण खरा सल्ला तिथेच आहे.

मध्येच तुमच्या नोटांच्या पाकिटाविषयी. तुमच्या बोटांना जे जाणवत होते ती संख्या नव्हती, जाडी होती. नोटा सारख्याच जाडीच्या असल्यामुळे जाडी संख्येची साक्ष देत होती, एवढेच. जुन्या मळकट, फुगलेल्या नोटांच्या पाकिटाने तुम्हाला फसवलेही असेल. संख्येच्या जाणिवेवर काम करणाऱ्यांना हीच अडचण सतत छळत आली आहे. ठिपके वाढले की त्यांनी व्यापलेली जागा, त्यांचा एकूण काळेपणा, त्यांची दाटी यांतले काही ना काही वाढतेच. मग माणूस किंवा माकड पाहते ते संख्येला की जागेला? म्हणून प्रयोगांत ठिपक्यांचे आकार आणि त्यांच्यामधले अंतर मुद्दाम उलटसुलट करतात. तरीही उत्तरे बऱ्याच अंशी संख्येच्या मागोमाग जातात, पण जागा आणि दाटी यांचा प्रभाव पूर्ण पुसला जात नाही, आणि यावरचा वाद अजून मिटलेला नाही. पक्षी मोजणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे की डोळ्याला संख्या कधीच एकटी भेटत नाही.

पशुपक्ष्यांविषयी तुम्ही विचारले आहे, आणि योगायोग असा की या विषयातले एक देखणे उदाहरण वारकरी पक्ष्याच्याच अमेरिकन भाऊबंदाचे आहे. काळे अंग आणि कपाळावर पांढरा टिळा असलेले हे पक्षी एकमेकांच्या घरट्यांत चोरून अंडी घालतात. ब्रूस लायन या संशोधकाने कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात त्यांच्या घरट्यांचा बारकाईने अभ्यास करून २००३ मध्ये निष्कर्ष मांडले. काही माद्यांना अंड्याच्या रंगछटेवरून परके अंडे ओळखता येत होते. अशा मादीच्या घरट्यात परक्या अंड्यांची भर पडून ढीग मोठा दिसत असला, तरी तिने स्वतःची नेहमीइतकी अंडी घालूनच थांबा घेतला. ज्यांना परके ओळखता आले नाही त्यांनी त्या ढिगाला भुलून स्वतःची अंडी कमी घातली. म्हणजे पहिल्या प्रकारची मादी ढिगाचा आकार किंवा पोटाला लागणारा स्पर्श पाहत नव्हती. त्या ढिगातली 'माझी किती' याचा काहीतरी हिशेब ती ठेवत होती. खातेदाराच्या ठेवी आणि बँकेची स्वतःची रोख वेगळी ठेवण्यासारखेच हे आहे, असे मी तुम्हाला सांगितले तर उपमा थोडी ताणली जाईल, पण मोह आवरत नाही.

टांझानियातील सेरेंगेटीत कॅरेन मॅकॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिंहिणींच्या कळपांना ध्वनिवर्धकावरून अनोळखी सिंहिणींच्या डरकाळ्या ऐकवल्या. कधी एकीची, कधी तिघींची. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले की तिघींचा आवाज आला तर कळप पुढे सरसावायला कचरतो, आणि सरसावलाच तर सोबत स्वतःच्या किती जणी आहेत यावर ते अवलंबून असते. इथे काही दिसत नव्हते, फक्त ऐकू येत होते. म्हणजे ही जाणीव डोळ्यांपुरती नाही. मेंदूत डोकावणाऱ्यांनाही तिचा माग लागला आहे. जर्मनीतील आंद्रेआस नीडर यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना माकडांच्या मेंदूत विशिष्ट संख्येला जास्त प्रतिसाद देणाऱ्या पेशी २००२ मध्ये सापडल्या, कावळ्यात २०१५ मध्ये आणि माणसात २०१८ मध्ये. तीनसाठीची पेशी तीन दिसल्यावर सर्वांत जोरात बोलते, पण दोन आणि चार दिसल्यावरही थोडी कुजबुजते; आणि संख्या जितकी मोठी, तितकी ही कुजबुज पसरट होत जाते. आपले 'दोन-तीन' आणि 'चाळीस-पन्नास' हे जणू तिथूनच उठलेले आहेत. कावळा आणि माणूस यांचा समाईक पूर्वज तीस कोटी वर्षांहून अधिक जुना, आणि मेंदूची घडण दोघांची पार वेगळी. तरी युक्ती सारखीच.

तेव्हा 'पशूंना जमते, माणसाला का जमू नये' या तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे की माणसालाही ते जमतेच, आणि बहुतेक प्राण्यांपेक्षा अंमळ अधिक चांगले जमते. वारकरी मादीला जे जमत नाही ते म्हणजे १३७. त्यासाठी शब्दांची माळ लागते. ब्राझीलमधील ॲमेझॉनच्या खोऱ्यात राहणाऱ्या मुंडुरुकू लोकांच्या भाषेत संख्येचे शब्द पाचाच्या आसपास संपतात, आणि तेही काटेकोर वापरले जात नाहीत. २००४ मध्ये पिएर पिका, स्तानिस्लास दहान आणि सहकाऱ्यांनी दाखवले की ठिपक्यांच्या दोन मोठ्या समूहांत कोणता मोठा, हे ते लोक फ्रेंच माणसांच्या तोडीने सांगतात. पण सहातून चार गेले तर नेमके किती उरले, असल्या प्रश्नाला त्यांची उत्तरे डळमळतात. तुमची एकतीस वर्षे या शब्दांच्या माळेवर गेली. तिच्याखाली असलेली जुनी जाणीव त्या काळात नष्ट झाली नाही, तिला आकड्यांची नावे नीट चिकटवायची सवय तेवढी राहून गेली.

ती कशी लावायची? इथे वेरोनिक इझार आणि दहान यांचा २००८ मधला एक प्रयोग फार कामाचा आहे. लोकांना पडद्यावर ठिपके दाखवून संख्या विचारली, तेव्हा बहुतेकांनी खऱ्यापेक्षा कमी सांगितली, आणि संख्या वाढली तशी ही तूटही वाढली. मग त्यांना एक नमुना दाखवून 'हे तीस आहेत' असे सांगितले. खरे तर त्यात काहींना २५, काहींना ३० आणि काहींना ३९ ठिपके दाखवले होते. त्या एका नमुन्याने पुढची सगळी उत्तरे सरकली, आणि नमुना ज्या दिशेने खोटा होता त्या दिशेने सरकली. यातून दोन गोष्टी निघतात. सराव नसलेली नजर कमी सांगते, म्हणून तुमचे ४०० बहुधा खालच्या अंगाला गेले. आणि एक नीट मोजलेला नमुना सगळी पट्टी जागेवर बसवतो, तर एक चुकीचा नमुना सगळी पट्टी बिघडवतो. तो नमुना नीट मोजणे हे तुमच्यासारख्या माणसाचे काम आहे. गटात ते तुमच्याकडेच द्यायला हवे होते, असे माझे मत आहे.

म्हणून पुढच्या वेळी थवा दिसला की आधी त्यातले वीस किंवा पन्नास पक्षी एकेक करून मोजा. त्यांनी पाण्यावर किती जागा व्यापली आहे ते डोळ्यांत भरून घ्या. मग तेवढाच तुकडा थव्यावर पुढे पुढे ठेवत जा आणि तुकडे मोजा. शंभर नोटांची पाकिटे करून बंडल मोजण्याची रीत तुमच्या हातात मुरलेलीच आहे. शितावरून भाताची परीक्षा, पण शीत कुठले उचलता याला महत्त्व आहे. थव्याच्या कडेला पक्षी विरळ असतात आणि मध्ये दाट, तेव्हा मधल्यासाठी आणि कडेसाठी वेगवेगळे तुकडे घ्यावेत. पांगलेले पक्षी डोळ्याला असतात त्यापेक्षा जास्त वाटतात आणि पुंजक्यांनी बसलेले कमी, हेही लक्षात असू द्या.

आणखी एक फसगत आहे, आणि मला स्वतःला ती बरीच वर्षे माहीत नव्हती. डेव्हिड बर आणि जॉन रॉस यांनी २००८ मध्ये दाखवले की ठिपक्यांच्या दाट गर्दीकडे अर्धा मिनिट पाहत राहिले, की त्यानंतर दाखवलेले मोजके ठिपके असतात त्यापेक्षा फारच कमी वाटतात. उजेडातून अंधाऱ्या खोलीत गेल्यासारखाच हा प्रकार आहे. त्यामुळे चक्रवाकांचा किंवा तलवार बदकांचा प्रचंड थवा दुर्बिणीतून न्याहाळल्यावर लगेच शेजारच्या लहान थव्याचा आकडा लिहू नये. थोडा वेळ रिकाम्या पाण्याकडे किंवा झाडीकडे पाहावे, आणि मग वळावे.

राहिला प्रश्न इतरांच्या आकड्यांचा. तुम्ही ४०० लिहिलेत ते इतरांचे आकडे ऐकण्यापूर्वी की नंतर, हे पत्रात स्पष्ट नाही. पण तुमचा आकडा इतका वेगळा आहे त्या अर्थी तो आधीचा असावा, आणि त्याबद्दल तुमचे कौतुकच करायला हवे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हान्स नावाचा एक घोडा बेरजा-वजाबाक्यांची उत्तरे टाप आपटून देत असे. ऑस्कर फुंग्स्ट याने १९०७ मध्ये उलगडा केला की घोड्याला गणित येत नव्हते. योग्य आकडा आला की विचारणाऱ्याच्या मानेत आणि चेहऱ्यात नकळत होणारी हालचाल तो टिपत होता. गणनेच्या प्रत्येक गटात असे दोन-तीन हान्स असतात, आणि गटप्रमुखांचा चेहरा पाहून ते आपला आकडा थांबवतात. सगळ्यांनी आपापला आकडा आधी कागदावर लिहावा आणि मगच बोलावे, अशी विनंती तुम्ही गटप्रमुखांना अवश्य करा.

हे सारे असूनही अदमासाचे आकडे कशाला गोळा करतात, असे तुम्ही विचाराल. आशियाई पाणपक्षी गणना भारतात १९८७ पासून दर जानेवारीत होते, आणि तिचे मोल एका सकाळच्या आकड्यात नसते; त्याच पाणथळीचे आकडे वर्षानुवर्षे शेजारी ठेवण्यात असते. एखाद्याची नजर दर वर्षी पाचवा हिस्सा कमी सांगत असेल आणि सातत्याने तेवढाच कमी सांगत असेल, तर वारकरी निम्मे झाल्याचे त्याच्या आकड्यांवरूनही स्पष्ट दिसेल. माणूस बदलला, पद्धत बदलली आणि त्याची नोंद ठेवली नाही, तर मात्र नजरेतला बदल हा पक्ष्यांतला बदल समजला जाण्याचा धोका आहे. म्हणून आकड्याबरोबर तो कसा आला हे लिहिणे आकड्याइतकेच आवश्यक आहे.

आता तुमच्या पत्रातली ती ओळ, जी वाचून मी थांबलो. तुम्ही १३७ मोजले होते आणि तो 'साधारण पाव थवा' होता, असे तुम्ही लिहिता. पावाचे चार पट केले तर ५४८ होतात. म्हणजे नोंदवहीत ४०० लिहिताना तुमच्याजवळ त्याहून चांगला अदमास तयार होता, आणि तो गटप्रमुखांच्या ६०० च्या बराच जवळ होता. मोजणी अर्धवट राहिली म्हणून तुम्ही १३७ ला रद्द समजलात, जशी न जुळलेली रोख पुन्हा पहिल्यापासून मोजतात तशी. प्रत्यक्षात त्या सकाळी त्या थव्याविषयीचा सर्वांत भक्कम आकडा तोच होता, आणि तो तुमच्याशिवाय कोणाकडेही नव्हता. मात्र ५४८ लिहू नका. तो 'पाव' स्वतःच नजरेचा आहे; पाव म्हणजे पाचवा हिस्सा असू शकतो किंवा तिसरा. शेवटचे आठ पक्षी लिहिणे म्हणजे मोजल्याचा आव आणणे, आणि तुम्ही ज्याला खोटा आकडा म्हणता तो हा. 'अदमासे ५५०, डावीकडून १३७ प्रत्यक्ष मोजले, तो थव्याचा सुमारे पाव भाग, त्यानंतर थवा उडाला' एवढे लिहिले तर त्यावर तुम्ही बिनदिक्कत सही करू शकता.

यंदाच्या नोंदीतला ४०० खोडू नका आणि कोणाला खोडायलाही सांगू नका. वरचे चार तुकड्यांचे वाक्य जसेच्या तसे गटप्रमुखांना लिहून पाठवा. ते शेऱ्यात जोडायचे की आकडा बदलायचा, हे त्यांना ठरवू द्या. पुढच्या जानेवारीला अवकाश आहे. तोवर स्टीलच्या ताटात पांढरा कागद अंथरून त्यावर मूठभर चवळी टाकत जा. कधी लहान मूठ, कधी मोठी. दाणे थांबताच एका नजरेत आकडा लिहा, मग मोजा, आणि दोन्ही आकडे वहीच्या दोन रकान्यांत मांडा. तीस-चाळीस वेळा झाले की खऱ्या आकड्यांच्या बेरजेला अदमासांच्या बेरजेने भागा. जो गुणक येईल तो तुमच्या नजरेचा. नातवालाही सोबत बसवा, पण त्याच्यासाठी तीन-चार दाणेच टाका आणि तुमच्याआधी त्याला बोलू द्या. माझा गुणक सव्वाच्या थोडा वर येतो, आणि संध्याकाळच्या उजेडात त्याहून वाढतो. तुमचा किती आला ते मला कळवा.